घाटात तापलेली स्विफ्ट : १,१८,००० चं इस्टिमेट भरावं का?

पहिली गोष्ट, निर्णय होईपर्यंत ती गाडी पुन्हा सुरू करून बघू नका. कुणी मिस्त्री म्हणाला, "एकदा सेल मारून बघू", तरी नाही. हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलं असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल, तर पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आज जे काम हेडपुरतं असू शकतं, ते एका सेलमध्ये अख्ख्या इंजिनचं होऊन बसतं. गाडी हलवायची झाली तर टो करून हलवा.

तुमचं म्हणणं मी असं समजलो. २०१४ ची डिझेल स्विफ्ट व्हीडीआय, मे महिन्यातलं पासिंग, १,६२,००० किलोमीटर. २०२१ च्या शेवटी सांगलीतून सेकंडहँड घेतली. पुण्याहून कराडला येताना खंबाटकी चढताना तापली, तापमानाची खूण लाल झाली, तरी घाट उतरून सुरूर फाट्यापर्यंत आणली आणि तिथे बंद पडली. होजपाइप फाटलेला सापडला. कंपनीच्या वर्कशॉपने शॉर्ट ब्लॉक (पिस्टनसकट तयार येणारा इंजिनचा खालचा भाग), हेड, चेन किट आणि मजुरी धरून १,१८,००० सांगितले. बाहेरचा मिस्त्री मुंबईच्या कुर्ल्याहून वापरलेलं इंजिन आणून ५५,००० मध्ये बसवतो म्हणतो. डीलर आहे त्या अवस्थेत १,०५,००० द्यायला तयार आहे. चालू गाडी असती तर तुमच्या भागात २,४०,००० च्या आसपास आली असती. महिन्याला १,८०० किलोमीटर चालते. नाहीतर पाच लाखांची दुसरी जुनी गाडी, त्यात साडेतीन लाख कर्ज.

डिझेल गाड्यांचं काम मी आयुष्यभर केलं आहे, आणि आता लोकांना जुनी गाडी घेण्याआधी तपासून देतो. त्यावरून सांगतो, तुमच्यापुढचा प्रश्न अजून "१,१८,००० भरू की नको" हा नाहीच. हा आकडा इंजिन न उघडता लिहिलेला आहे. गाडीला नेमकं काय झालंय हे आज कुणालाच माहीत नाही, वर्कशॉपलाही नाही.

यात वर्कशॉपने फसवलं असं मी म्हणणार नाही. तापून बंद पडलेल्या गाडीवर त्यांना पुढे वॉरंटी द्यायची असते. हेड दुरुस्त करून दिलं आणि महिन्याने पिस्टनच्या रिंगा गेलेल्या निघाल्या, तर तोंड त्यांना द्यावं लागतं. म्हणून ते सगळ्यात वाईट शक्यता धरून असेंब्लीच बदलायचं लिहितात. त्यांच्या जागी ते ठीक आहे. पण पैसे तुमचे आहेत, आणि वाईट शक्यतेची किंमत ती खरी ठरण्याआधीच भरायचं कारण नाही.

या गाडीत १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट इंजिन आहे. मूळ फियाटचं. मारुतीने ते डिझायर, रिट्झ, अर्टिगामध्ये घातलं, टाटांनी इंडिका व्हिस्टामध्ये. मारुतीने १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल बंद केलं, तरी इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की पार्ट आणि जाणकार मिस्त्री दोन्ही सहज मिळतात. दुरुस्तीचा विचार करताना ही फार मोठी जमेची बाजू आहे. हीच अवस्था एखाद्या कमी खपलेल्या परदेशी गाडीची असती, तर माझं उत्तर वेगळं असतं.

या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम आधी वाकतं. त्यामुळे घाटात तापलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये नुकसान हेडपाशी थांबलेलं असतं. गॅस्केट जळतं, हेड थोडं वाकतं, कधी वाल्व्ह सीटच्या मधे तडा जातो. खाली पिस्टन, रिंगा, बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती भोकं) वाचलेले असू शकतात. लाल खूण दिसल्यावर इंजिन किती वेळ चाललं, यावर ते ठरतं. घाटमाथ्यापासून सुरूरपर्यंत बराचसा उतार आहे, इंजिनवर भार कमी होता. म्हणून मला आशा वाटते. खात्री मात्र तपासल्यावरच.

तपासणी अशी करून घ्या. आधी ऑइलची डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण. ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग ग्लो प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवायचं. पाणी असेल तर त्या भोकांतून बाहेर येतं आणि काही मोडत नाही. मोकळं फिरलं की डिझेलच्या गेजने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. इथे आकड्यापेक्षा फरक बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आणि बाकीचे दोन चांगले असतील, तर बोट गॅस्केटकडे जातं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा माप घेतल्यावर कॉम्प्रेशन चांगलं वर चढलं, तर रिंगा गेल्यात असं समजा. चारही खाली असतील तर गोष्ट गंभीर आहे.

यानंतर हेड उघडायचं. गॅरेजशी आधीच बोलून घ्या की फक्त हेड उघडून दाखवायची मजुरी किती, आणि पुढचं काम केलं नाही तरी तेवढे पैसे मी देईन. सहा-आठ हजार जातील. ते खर्च करताना लोकांच्या जिवावर येतं, आणि इथेच चूक होते. या सहा-आठ हजारांनी तुमच्या लाखाच्या निर्णयातला अंधार जातो. हेड निघाल्यावर बोअरच्या भिंतींचे फोटो मागा. उभे ओरखडे नखाला लागत असतील तर ब्लॉकला काम आहे. होनिंगच्या (बोअरला आतून घासाई करताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर ब्लॉक वाचलाय. हेड प्रेशर टेस्टला पाठवा. कराडमध्ये होईल, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनचं मशिनिंग करणारी जुनी, हाताला वळण असलेली माणसं आहेत. त्यांना तीनच गोष्टी विचारा. तडा आहे का? हेड किती वाकलंय? घासून सरळ केलं तर मापात बसेल का? डिझेलमध्ये पिस्टन आणि वाल्व्हमध्ये जागा फार थोडी असते, म्हणून हेड हवं तेवढं घासता येत नाही. "दोनदा फेसिंग मारू, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

समजा हेडपुरतंच निघालं. मग फेसिंग (हेड घासून सरळ करणं), वाल्व्ह सीट, गॅस्केट सेट, हेडचे नवे बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होजपाइप, ऑइल, कूलंट आणि मजुरी. बोल्ट जुने वापरू देऊ नका, ते एकदा ताणले की त्यांचं काम संपतं. टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाइड याच वेळी नवे घाला. हेड काढताना चेन तशीही सोडावी लागते आणि १,६२,००० झालेत. ऑइल बदलायला उशीर झालेल्या मल्टिजेटमध्ये चेन लांबते. ती तुटली किंवा दात चुकली तर आज वाचलेले वाल्व्ह तेव्हा जातील. चांगल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये हे सगळं चाळीस हजारांच्या आसपास बसायला हवं.

आता पैशांचं. "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त दुरुस्ती असेल तर काढून टाका" हा नियम तुम्हाला दहा जणांनी सांगितला असेल. मला तो पटत नाही. त्यात दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी होते. पण दुरुस्ती नाही केली तर तुमच्या हातात ती किंमत येत नाही, तुम्हाला दुसरी गाडी घ्यावी लागते. म्हणून तुलना त्या दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी करायची.

तुमच्या आरसीची पंधरा वर्षं मे २०२९ मध्ये भरतात, म्हणजे हिशेब तीन वर्षांचा धरू. चाळीस हजारांत काम झालं तर तुमचे ४०,००० गेले. आज डीलरकडून मिळणारे १,०५,००० तुम्ही सोडले, तेही खर्चातच धरायचे. टायर, क्लच, सस्पेन्शन, सर्व्हिस धरून वर्षाला ३५,००० म्हणजे १,०५,०००. तीन वर्षांनी गाडीचे ९०,००० आले असं धरा. निव्वळ १,६०,०००, महिन्याला साधारण ४,४५०. आता हेच १,१८,००० ची दुरुस्ती धरून करा. निव्वळ २,३८,०००, महिन्याला ६,६००.

पाच लाखांच्या दुसऱ्या गाडीचं बघा. साडेतीन लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,४०० च्या जवळ येतो. पहिल्या तीन वर्षांतलं व्याजच ९३,०००. नावावर करणं, विमा आणि पहिल्या वर्षात निघणारी कामं यांना ४०,०००. दुसऱ्याची गाडी घेतल्यावर ही कामं निघतातच, तेव्हा ही रक्कम कमी धरू नका. देखभाल वर्षाला २०,०००. तीन वर्षांनी ती तीन लाखांना गेली तरी तुमचे ३,९३,००० गेले, महिन्याला १०,९००. शिवाय इंधन. तुमची डिझेल २० च्या ॲव्हरेजने आणि लिटरला ९० धरून महिन्याला ८,१०० चं पिते. पेट्रोल गाडी १६ देते म्हटलं आणि लिटर १०४ धरलं तर ११,७००.

म्हणजे गाडी तीन वर्षं ठेवणार असाल, तर १,१८,००० भरूनसुद्धा कागदावर दुरुस्तीच स्वस्त पडते. बहुतेक वेळा असंच निघतं. मग लोक दुरुस्ती करून का पस्तावतात? कारण इंजिनवर लाख घातल्यावर सहा महिन्यांत दुसरंच काही निघतं, आणि वर्षाला धरलेले ३५,००० तिथेच संपतात. दुरुस्तीच्या बिलाइतकीच उरलेल्या गाडीची चौकशी केली पाहिजे, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते.

तुम्ही गाडी २०२१ च्या शेवटी सांगलीतून घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड पाण्याखाली होतं. ऑगस्ट २०१९ चा पूर तर सांगली-कोल्हापूरकर विसरणार नाहीत. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून बाजारात आल्या. तुमची त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण इंजिनवर एक रुपया घालण्याआधी हे तपासा.

पुढच्या सीटचे रेल बघा, खाली वाकून, टॉर्च घेऊन. बोल्टच्या खाचेत बारीक गाळ सुकून बसलेला राहतो, वॉशिंगवाल्याचा हात तिथे पोचत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला पाण्याची रेघ किंवा मातकट डाग दिसला तर समजून जा. कार्पेट उचलून खालचा फोम दाबा आणि वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आणि गाळाचा थर आहे का ते बघा. डॅशबोर्डखालचे दोन-तीन वायरिंग कपलर इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या. पिना हिरवट झालेल्या असतील, तर गाडी पाण्यात उभी होती. आणि विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मागवा. एजंट मनावर घेतो तेव्हा ती मिळते.

पुराची खूण सापडली तर माझं उत्तर सरळ आहे. दुरुस्ती करू नका, चाळीस हजारांचीही नाही. पुराच्या गाडीत इंजिन सुधारता येतं, वायरिंग नाही. कपलरमध्ये गेलेली ओल वर्षानुवर्षं तांबं खात राहते. आज सेन्सर, उद्या इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), परवा रात्री हायवेवर हेडलाइट. त्या गाडीवर कितीही खर्च केला तरी तिच्यावर विसंबता येत नाही, आणि घरच्या माणसांना तिच्यातून घाट चढायला लावू नये.

पूर नसेल तर बाकीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. टर्बोच्या शाफ्टला किती खेळ आहे, क्लच कुठे पकडतो, लोअर आर्म आणि शॉकअपची अवस्था, स्टिअरिंगचा आवाज, एसीचा कॉम्प्रेसर. इंजिन चालू झाल्यावर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते माप. यातलं वर्षभरात येणारं काम चाळीस हजारांच्या आत असेल तर गाडी ठेवण्यासारखी आहे. टर्बो, क्लच आणि इंजेक्टर तिन्ही दारात उभे असतील तर हिशेब फिरतो. मागच्या वर्षी टायर घातले, बॅटरी टाकली, हे मात्र या हिशेबात आणू नका. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत.

कुर्ल्याच्या इंजिनबद्दल. मी ते घेणार नाही. मिळणारं इंजिन अपघाती गाडीतलं असतं, किती चाललं ते कुणी सांगू शकत नाही, आणि तीस दिवसांच्या तोंडी गॅरंटीला कराडहून कुर्ल्याला कोण जाणार? त्याहून मोठी अडचण कागदांची. इंजिन बदललं की आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ बिल आणि ज्या गाडीतलं इंजिन आहे तिचे कागद लागतात. ते नसतील तर गाडी विकता येणार नाही, अपघात झाला तर क्लेम अडकेल, आणि इंजिन चोरीचं निघालं तर पोलिसांपुढे तुम्ही उभे राहाल. ब्लॉकला खरंच काम निघालं, तर बोअर करून नवे पिस्टन-रिंगा घालणं किंवा वर्कशॉपचा शॉर्ट ब्लॉक, या दोनच वाटा मी धरतो. शॉर्ट ब्लॉकवरही नंबराचा प्रश्न येतो, तो वर्कशॉपने बिलासकट लिहून द्यायला हवा.

विम्याकडून आशा ठेवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही, आणि लाल खुणेनंतर गाडी चालवल्याने झालेलं नुकसान तर नाहीच. "छोटा अपघात दाखवू" असं कुणी सुचवलं तर त्या माणसाकडे गाडी ठेवू नका. उद्या तो तुमच्या बिलातही तेच करेल.

माझा कौल असा. पूर नाही, ब्लॉक वाचलाय, हेड मापात बसतंय : काम करा, निःशंक करा. विकायची असली तरी आधी काम करा. चालू गाडी म्हणून, हेडचं काम झालंय हे घेणाऱ्याला सांगून आणि त्यासाठी पंचवीस हजार सोडूनही तुमच्या हातात २,१५,००० येतील. ४०,००० वजा जाता डीलरच्या भावापेक्षा ७०,००० जास्त.

ब्लॉक गेला असेल, पण पूर नाही आणि बाकी गाडी चांगली आहे : मग फक्त २०२९ पर्यंत ठेवणार असाल तरच लाखाचं काम करा. वर्ष-दीड वर्षात बदलायचीच असेल तर १,१८,००० घालून विकण्यात तोटा आहे. ती रक्कम क्रेडिट कार्डावर फिरवावी लागणार असेल तरीही नको, ते व्याज वरचा सगळा हिशेब खाऊन टाकतं. २०२९ नंतर फिटनेस काढून, पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवता येतं. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला होता, तसा महाराष्ट्रात नाही. पण आजच्या निर्णयात ती पुढची पाच वर्षं मी धरत नाही.

इस्टिमेटची तारीखही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. इस्टिमेट जुन्या दराचं असेल तर नवं मागा. त्याच दिवशी छोट्या नव्या गाड्याही स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भाव खाली आले, म्हणून २,४०,००० हा आकडा आजच्या बाजारात दोन ठिकाणी विचारून घ्या. तो वीस हजारांनी खाली आला तर पाच लाखांची गाडीही तेवढीच खाली आली असेल, हे डीलरला ऐकवा.

काम देताना जॉब कार्डवर टप्पे लिहून घ्या : हेड उघडल्यावर फोन, मशिनिंगचा रिपोर्ट आल्यावर फोन, तुमच्या होकाराशिवाय पुढचा पार्ट नाही. आगाऊ रक्कम फक्त पार्टपुरती. जुने पार्ट परत. पक्कं बिल आणि कामाची सहा महिन्यांची हमी लेखी. आणि होजपाइप का फाटला याचं उत्तर मागा. रेडिएटर चोंदलाय, फॅन उशिरा लागतोय की पाइप फक्त जुना झाला होता? कारण न शोधता हेड बसवलं तर पुढच्या घाटात हेच होईल. कूलंटमध्ये आजवर नळाचं पाणी भरलं गेलं असेल तर रेडिएटर बदला, साफ करण्यात वेळ घालवू नका.

विकायचं ठरलं तर डीलरला मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख भरून मगच सही, आणि प्रत स्वतःकडे. गाडी दिल्यापासून १४ दिवसांत तुमच्या बाजूने आरटीओला कळवायचं असतं. ते डीलरवर सोडू नका, पावती आली की तिचा फोटो काढून ठेवा.